पुलाखालचा रस्ता

गाडी शिकवणारा माणूस गाडीत बसून घाबरतो, हे सांगायचं कोणाला? मी तर ते स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

पंचवटीत माझं ड्रायव्हिंग स्कूल आहे. स्कूल म्हणजे काय, तर एक गाळा, एक टेबल, भिंतीवर वाहतुकीच्या चिन्हांचा तक्ता आणि दारात उभी एक पांढरी गाडी. गाडीच्या डोक्यावर बोर्ड, दोन्ही दारांवर आणि मागच्या काचेवर माझं नाव आणि मोबाइल नंबर. अर्धं आयुष्य मी या धंद्यात डावीकडच्या सीटवर बसून काढलं. शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक क्लच आणि एक ब्रेक असतो. शिकणारा चुकला की आपण दाबायचा. माझा पाय सकाळी सहापासून अंधार पडेपर्यंत त्या ब्रेकवर तरंगत असायचा. दिवसभर दुसऱ्याच्या चुकांची वाट बघत बसायचं, हे माझं काम. रात्री अंथरुणावर पडलं तरी उजवी पोटरी ताठच असायची, आणि मला ते कामाचा थकवा वाटायचं.

पहिल्यांदा ते झालं शहरावरून जाणाऱ्या उड्डाणपुलावर. बँकेत नोकरी करणारे एक गृहस्थ चालवत होते, बऱ्यापैकी चालवत होते. पुढे एक ट्रेलर बंद पडला आणि सगळं तुंबलं. मागे गाड्या, पुढे गाड्या, दोन्ही बाजूंना काँक्रीटचा कठडा. उतरायला जागा नाही, वळायला जागा नाही. हे माझ्या डोक्यात आलं आणि छातीत धडधड सुरू झाली. बोटांना मुंग्या आल्या, गळा आवळला, डोळ्यांपुढे पांढरं झालं. संपलं सगळं, असं वाटलं. गृहस्थ विचारत होते, "सर, न्यूट्रल करू का?" आणि मला न्यूट्रल हा शब्द कळत नव्हता.

ट्रेलर हलला. खाली उतरल्यावर गाडी कडेला लावली आणि मी रिक्षाने थेट दवाखाना गाठला. छातीचा ईसीजी काढला, सगळं व्यवस्थित. डॉक्टर म्हणाले, पित्त झालं असेल, जागरण करू नका, तिखट कमी करा. आमच्याकडे छातीच्या आत जे जे होतं त्याला पित्तच म्हणतात. मी कोकम प्यायलो आणि गप्प बसलो.

पण काही दिवसांनी पूल मोकळा असताना पुन्हा तेच झालं. त्यानंतर पुलावर चढायच्या आधीच होऊ लागलं. एका सकाळी चढणीच्या तोंडाशी मी शिकणाऱ्याला म्हणालो, "वर नको. डावीकडून घ्या, सर्व्हिस रोडने." गाडी खालच्या रस्त्याला लागली आणि अंगातून वारं गेल्यासारखं हलकं वाटलं. तेवढ्या एका हलकेपणासाठी मी नंतर काय काय केलं, ते आठवलं की मान वर होत नाही.

मी चक्क त्याचं तत्त्वज्ञान केलं. प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायचो, "पुलावर काय शिकणार? तिथे माकड बसवलं तरी गाडी सरळ जाईल. खरी गाडी शिकायची तर खाली द्वारका चौकाच्या गर्दीत. रिक्षा, हातगाड्या, उलटे येणारे. आणि पुलावर काही झालं तर जाणार कुठे? पूल वाईट. आपल्याला खालचा रस्ता पुष्कळ." लोक माना डोलवायचे. मी त्यांना मनापासून पटवत होतो, कारण मला स्वतःलाही ते पटवायचं होतं.

घरी माझं वागणं बिघडत चाललं होतं. जेवताना फोन वाजला की मी दचकायचो. कुकरची शिट्टी झाली की बायकोवर खेकसायचो. पहाटे तीनला टक्क जागा, खांदे दगड. शिकणाऱ्यांवर इतका ओरडायचो की एका कॉलेजच्या मुलीने रडत क्लास सोडला. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी पुन्हा छाती तपासली, आणि मग पेन खाली ठेवून म्हणाले, "तुमचं हृदय माझ्यापेक्षा चांगलं आहे. तुम्ही समुपदेशनाला जा." आणि गंगापूर रोडवरच्या एका मॅडमचं नाव दिलं.

मला इतका राग आला की मी त्यांना नमस्कारही न करता उठलो. मला वेड लागलंय का? पण पंधरा दिवसांत गेलो. भीती रागापेक्षा चिवट निघाली.

आता गंमत बघा. जायचं चोरून, आणि गाडी अशी की तिच्या चारी अंगांवर माझं नाव. मी ती लांब एका मंगल कार्यालयामागे लावायचो आणि चालत जायचो, तोंडावर रुमाल बांधून. तरी व्हायचं ते झालंच. त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दाताचा दवाखाना होता. जिन्यात माझ्याकडे शिकलेल्या एक बाई समोर आल्या. "सर, इकडे कुठे?" मी गाल धरला. "दाढ," म्हणालो.

ही दाढ माझ्या चांगलीच अंगाशी आली. त्या बाईंनी भाजीबाजारात माझ्या बायकोला विचारलं, सरांची दाढ कशी आहे? झालं. त्या दिवसापासून माझ्या ताटात मऊ भात, पातळ वरण, दुधात कुस्करलेली पोळी. मुलं समोर बसून बाजरीची भाकरी आणि ठेचा खायची आणि मी गुरगुट्या भात गिळायचो. बायको हळुवारपणे विचारायची, "अहो, फार ठणकतं का?" मी हो म्हणायचो. खोटं बोलल्याची लाज तर होतीच, पण तिच्या मायेची लाज जास्त वाटायची.

मॅडम माझ्या शिकणाऱ्यांच्या वयाच्या. तिशीच्या आतबाहेर. खोलीत दोन खुर्च्या, पाण्याचा तांब्या, खिडकीत तुळस. मी बसल्या बसल्या सांगून टाकलं, "मला वेड वगैरे काही नाही."

"आहे म्हणालं कोण?" त्या म्हणाल्या. "काय होतं ते सांगा."

मला वाटलं होतं, त्या लहानपणाचं काहीबाही विचारतील, नाहीतर सकारात्मक विचार करा म्हणून सांगतील. तसं काही नाही. शरीरात आधी काय होतं, मग काय होतं, तेव्हा डोक्यात काय येतं, तुम्ही काय करता. क्लच कुठे सुटला हे मी विचारतो तसंच. मला बोलता येईना. इतकी वर्षं लोकांना सूचना देणारा माणूस, आणि 'भीती वाटते' एवढं म्हणताना माझी दातखीळ बसली. कान तापले. मी पाणी प्यायलो, घाम पुसला, आणि शेवटी खिडकीकडे बघत म्हणालो. तेवढं एक वाक्य बोलायला माझा तो सगळा तास गेला.

नंतर त्यांनी मला समजावलं. रस्त्यावर उभ्या गाडीवर मांजर उडी मारतं आणि अलार्म कोकलायला लागतो, तसं तुमच्या शरीराचं झालंय. चोर नाही, पण आवाज खरा आहे. तो चढतो आणि थोड्या वेळाने आपोआप उतरतो. पण तुम्ही तो उतरेपर्यंत थांबतच नाही. तुम्ही खालच्या रस्त्याला वळता, आणि शरीराला वाटतं, वळलो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी ते आणखी लवकर ओरडतं. मी म्हणालो, म्हणजे मीच त्याला शिकवतोय. त्या म्हणाल्या, हो.

त्यांनी श्वास कसा सोडायचा ते शिकवलं. जबडा किती आवळून धरतो ते दाखवलं, तेव्हा दाढेची थाप आठवून मला हसू आलं. रोज संध्याकाळी शेवटचा क्लास संपला की गाडीतच बसून दोन्ही पाय जमिनीवर सोडून ठेवायचे, हा माझा गृहपाठ होता. काही चमत्कार झाला नाही. पण खांदे थोडे उतरले. पहाटेची झोप लागू लागली. मग पुलासाठी एकेक पायरी ठरली. आधी चढणीजवळ नुसतं उभं राहायचं. मग रविवारी पहाटे एकट्याने एक टप्पा. भीती आली तरी पळायचं नाही, ती उतरेपर्यंत तिच्यासोबत गाडी चालवायची. पहिल्या वेळी खाली उतरून मी उलटी केली. मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "पण पूल पार केलात ना?" मला राग आला आणि बरंही वाटलं.

बायकोला सांगायला मात्र फार वेळ लावला. सांगितलं तेव्हा तिने हातातलं निवडणं बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "मला वाटलं, तुमचं बाहेर कुठे काही आहे. दाताच्या डॉक्टरचं एकही बिल घरात दिसलं नाही." आणि स्वयंपाकघरात जाऊन तिने माझ्यासाठी भाकरी थापायला घेतली. तिचे डोळे ओले होते. मला वाटलं, आता लाजेचं सगळं सांगून झालं.

झालं नव्हतं.

आमच्याकडे एक पद्धत आहे. माझ्याकडे शिकलेला माणूस नवी गाडी घेतो तेव्हा पेढे घेऊन ती आधी मला दाखवायला आणतो. दसऱ्याला तर रांग लागते. त्या दसऱ्याला आडगावच्या पुढे शेती असलेल्या एक ताई आल्या. फुलांचं शेत, झेंडू आणि शेवंती. नवऱ्याने जुनी गाडी बदलून नवा पिकअप घेतला होता आणि तो त्या स्वतः चालवत आल्या. माझ्या गाडीसाठी शेतातल्या झेंडूचा घसघशीत हार आणला होता. पन्नाशीची बाई, सातवी शिकलेली, माझ्या हाताखालची सर्वांत धीट विद्यार्थिनी. पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "सर, मला पुलावरून न्या. माझी लेक पाथर्डी फाट्याला ऱ्हाते. वरून गेलं का सरळ तिच्या दारात." मी तिला तेव्हा माझं ते तत्त्वज्ञान ऐकवलं होतं. तिने आणखी दोनदा विचारलं, आणि मी आणखी दोनदा ऐकवलं.

हार घालून झाल्यावर ताई मोठ्या अभिमानाने म्हणाल्या, "सर, तुमचा शब्द मोडला नाय बरं का. अजून पुलावर चाक घातलं नाय."

मी पेढा हातात धरून उभा राहिलो.

"लेकीकडं जायाचं म्हंजे द्वारकेवरनं लय वेळ जातो. ती बाळंत झाली, तव्हा तर रोज जावं लागायचं. पर पुलाकडं नुसतं बघितलं तरी माझे हात कापत्यात. हे हसत्यात मला. म्हणत्यात, गाडी चालवती आन् पुलाला भिती." त्या हसल्या, पण ते हसू बरं नव्हतं. "माझीच छाती नाय, सर. तुम्ही तरी काय करणार?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ही बाई माझ्याकडे आली तेव्हा तिला पुलाची भीती नव्हती. ती मी शिकवली. फी घेऊन शिकवली. आणि ती तो दोष स्वतःवर घेऊन हिंडत होती. तिच्यासारखे आणखी किती लोक या शहरात खालून जात असतील, कोण जाणे.

तेव्हाच सांगायला हवं होतं. दारात गाड्यांची रांग होती, लोक होते. मी म्हणालो, "होईल सवय हळूहळू." आणि पेढा तोंडात टाकला.

हे मी मॅडमना सांगितलं तेव्हा मला पहिल्यांदा त्यांच्यासमोर रडू आलं. मी म्हणालो, आजवर मला वाटायचं, मी पुलावर मरायला घाबरतो. ते खरं नाही. शेजारी बसलेल्या माणसाला माझी भीती दिसेल, याला मी घाबरतो. त्यांनी विचारलं, "मग आता काय करावंसं वाटतं?" मी म्हणालो, काही नाही. त्यांनी मला तसंच बसू दिलं. घरी जाताना मी ताईंना फोन लावला आणि म्हणालो, रविवारी पुलावरून जाऊ.

रविवारी सकाळी ताई पिकअप घेऊन आल्या. नवरा पुढे मोटारसायकलवर लेकीकडे गेला होता. पूल उतरतो तिथे कोपऱ्यावर तो उभा राहणार होता. मी डावीकडच्या सीटवर बसलो आणि पाय पुढे केला, तर खाली नुसतं रबराचं पायपुसणं. पिकअपमध्ये माझा ब्रेक नव्हता. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी उतरणार होतो. खरंच सांगतो, दाराला हात लावला होता. ताई समोर बघत देवाचं नाव घेत होत्या, म्हणून बसलो.

चढणीवर ताईंचे हात कापायला लागले आणि माझ्या बोटांना मुंग्या आल्या. पूल मोकळा होता. दोन्ही बाजूंना कठडा सुरू झाला. माझा उजवा पाय पायपुसणं दाबत राहिला. मी श्वास सोडत होतो, मॅडमनी शिकवला तसा, लांब.

"सर," ताई म्हणाल्या, "मला जमत नाय. बाजूला घेऊ का? थांबवू?"

सगळं अंग म्हणत होतं, हो म्हण. तिच्या नावावर थांबता येत होतं. माझी भीती तिच्या पदरात टाकून पुन्हा एकदा वेळ मारून नेता येत होती.

"थांबायचं नाही," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "ताई, ही भीती तुमची नाहीच. माझी आहे. मी पुलाला घाबरतो. घाबरत होतो म्हणून तुम्हाला खालून नेलं. तुमच्यात काही कमी नाही."

ताईंनी मान वळवली नाही. "आत्ता बोलू नका, सर. मला गाडी चालवू द्या."

द्वारका खालून गेली. एक एसटी हॉर्न देत शेजारून गेली, ताईंनी स्टिअरिंग सरळ धरलं. मधे कुठेतरी माझी छाती शांत व्हायला लागली. पूल संपला, आणि कोपऱ्यावर त्यांचे यजमान दोन्ही हात वर करून उभे होते.

गाडी थांबली. ते खिडकीशी आले. "काय सर, आमच्या बाईनं घाबरवलं का तुम्हाला? तोंड पांढरं पडलंय."

मी खाली उतरलो. "दादा, ताई पुलाला घाबरत नव्हत्या. मी घाबरतो. मीच त्यांच्या डोक्यात ते भरवलं."

ते मोठ्याने हसले. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "राहू द्या, सर. तुमचं मन मोठं हाय. तिची लाज राखायला स्वतःवर घेताय व्हय."

माझ्या कबुलीचा त्यांनी मोठेपणा करून टाकला होता. हसून 'तसं नाही हो' एवढंच म्हटलं असतं, तर तो मोठेपणा मला मिळून गेला असता. आणि एक क्षण, मोजता येईल इतका लांब क्षण, मला तो हवा होता. मला अजूनही या क्षणाची सगळ्यात जास्त लाज वाटते.

मी माझा हात पुढे केला. "धरून बघा."

त्यांनी धरला. हात गार होता, ओला होता आणि थरथरत होता. त्यांचं हसू हळूहळू गेलं.

"मी यासाठी गंगापूर रोडला समुपदेशनाला जातो," मी म्हणालो. "बरेच महिने झाले. अजून पूर्ण बरा नाही. ताईंना हसू नका. हसायचं तर मला हसा."

हात त्यांनी सोडला नाही. त्यांनी गाडीकडे पाहिलं, म्हणून मीही पाहिलं. ताई अजून स्टिअरिंग धरूनच बसल्या होत्या. गाल ओले होते, आणि त्या माझ्याकडे बघत होत्या. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

"लेक बाळंतपणात एकटी होती, सर," त्या म्हणाल्या. "रोज उशीर व्हायचा मला. रोज मी सोताला शिव्या द्यायचे."